रूबेनमामा आणि मागची रुंद चाकं

रूबेन भिंगारदिवे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जीपच्या मडगार्डच्या आत कणकेचे गोळे चिकटवत होते. सकाळचे अकरा वाजले होते, माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं होतं आणि वीस मिनिटांत कॉलेजात माझा तास होता. मी पाच मिनिटं उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. चार गोळे चिकटवून झाल्यावर हे साठीचे गृहस्थ जीपच्या मागच्या बंपरवर चढले आणि त्यांनी तीन उड्या मारल्या. मग खाली उतरून एकेक गोळा काढून बोटांनी त्याची जाडी चाचपू लागले. शेवटचा गोळा पापडासारखा झाला होता.

"घासतंय," ते म्हणाले. मला नाही, कणकेला.

नंतर कळलं की त्या जीपला मालकानं हौसेनं रुंद टायर घातले होते, आणि ते आतून कुठं घासतात का हे पाहायला मामांकडे कणकेपेक्षा भरवशाचं साधन नव्हतं. कणीक मार्थामामींच्या परातीतून यायची. "सकाळच्या चार पोळ्या रोज गाड्या खात्यात," असं मामी म्हणायच्या.

सुप्यात हायवेला लागून आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. मी तिथं फिजिक्स शिकवते. कॉलेजच्या भिंतीला टेकून मामांचं पत्र्याचं शेड होतं. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं एक चाक रंगवलेलं. पूर्वी ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चाकांच्या विभागात होते. त्याआधी पुण्याला, शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या कुणाकडे तरी. कारखाना का सोडला, हे त्यांनी मला एक सांगितलं, आमच्या प्राचार्यांना दुसरं, आणि चहावाल्याला तिसरंच. तिन्ही कारणं खरी असावीत, असं मला आता वाटतं. पण चाकांतलं काही अडलं की नगर-श्रीरामपूरहूनही लोक त्यांच्याकडे यायचे, एवढं नक्की.

त्या दिवशी अखेर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सलाम बाई. गाडी कुठं जाती?"

"कुठं जात नाही, म्हणूनच आले. पंक्चर आहे."

"तसं न्हाई. रोज कुठं जाती?"

"पारनेरहून कॉलेजला. आणि परत."

"मंग मागं हवा जरा कमी ठेवली तरी चालंल." ते थांबले. "आनि न्हाई बी चालनार."

"म्हणजे कमी ठेवायची की नाही?"

"हाय बी आनि न्हाई बी," मामा म्हणाले आणि चाक खोलायला बसले.

हे त्यांचं कायमचं उत्तर. टायर बदलायला झालाय का? हाय बी आनि न्हाई बी. अलाइनमेंट बिघडलीय का? बिघडलीय बी आनि न्हाई बी. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग चिडायचं, मग निमूट गाडी त्यांच्याकडे सोडून जायचं. ते मुद्दाम कोड्यात बोलायचे असं नाही. त्यांना खरोखरच एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरं एकदम दिसायची आणि त्यातलं एक उचलून दुसऱ्यावर अन्याय करणं त्यांना जमत नसे. मला मात्र याचा फार त्रास व्हायचा. माझं सगळं आयुष्य बरोबर उत्तराखाली दोन रेघा मारण्यात गेलेलं.

रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्यामुळे टायरची हवासुद्धा ते पेटीच्या भाषेत सांगायचे. लाकडी हातोडीनं टायरवर एक ठोका मारायचा, कान वाकडा करायचा आणि म्हणायचं, "काळी दोन. हिला पांढरी चारवर आना." गेज लावून पाहिलं तर पाव-अर्ध्या पौंडाचाच फरक निघायचा. स्वतः मात्र सायकलवर फिरायचे. मोटार चालवता यायची, उत्तम यायची, पण स्वतःसाठी कधी घेतली नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "लई प्रश्न असत्यात त्यात."

आमची खरी ओळख भांडणातून झाली. अकरावीला घर्षण शिकवत होते. वर्गाची खिडकी शेडच्या बाजूला उघडायची. मी मुलांना सांगितलं, घर्षणाचं बल दोन पृष्ठभागांच्या स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी ठेवा नाहीतर उभी, ओढायला तेवढाच जोर लागतो. तास संपवून मी बाहेर आले, तर मामा भिंतीपाशी उभे.

"बाई, मंग लोक रुंद टायर कशाला घालत्यात?"

"दिसायला चांगले दिसतात म्हणून," मी म्हटलं. "पुस्तकाप्रमाणे पकड तेवढीच राहायला हवी."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेतला ताणकाटा घेऊन शेडमध्ये बोलावलं. एकाच जुन्या टायरचे दोन तुकडे त्यांनी कापून ठेवले होते, एक अरुंद, एक रुंद. दोन सारख्या फळ्यांखाली ते चिकटवले होते. फळ्यांवर एकेक वीट. सिमेंटची फरशी धुऊन वाळवलेली. "वढा," ते म्हणाले.

मी ओढलं. रुंद तुकड्याला जास्त जोर लागला. फार नाही, पण जास्त. मी काटा तपासला, विटा बदलल्या, फळ्या बदलल्या, दहा वेळा ओढलं. दहाही वेळा तेच. मग त्यांनी रबर काढून लाकडाच्या पट्ट्या लावल्या. अरुंद आणि रुंद, दोन्हीला सारखाच जोर.

"पुस्तक लाकडाचं हाय बाई," मामा म्हणाले. "गाडी रबराची हाय."

मी घरी जाऊन जाड पुस्तकं काढली. रबर हा पदार्थ शाळेतल्या नियमात बसत नाही, त्यावर दाब कमी झाला की त्याची धरण्याची ताकद वाढते, हे सगळं तिथं होतं. पंचवीस वर्षं शिकवून मी ते पान उलटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलंच लिहा. पण ते खरं आहेच असं नाही." मुलं माझ्याकडे पाहतच राहिली. त्या दिवशी प्रयोग आटोपल्यावर मामा आणखी एक वाक्य बोलले होते. "पन म्हनून रुंद टायर चांगलाच, असं न्हाई बरं." ते मी ऐकलं होतं, पण कानाआड केलं. मी अजून काट्याकडेच बघत होते.

डॉक्टर अभिजित आला तो यानंतर महिनाभरानं. राहात्याचा दातांचा डॉक्टर, पस्तिशीचा, बोलका. त्याची गाडी लाल, दोन सीटांची, टप मागं दुमडणारी, जमिनीला चिकटून चालणारी. कुणीतरी परदेशातून आणलेली, त्याच्या हातात आली तोवर वीस वर्षांची झालेली. इंजिन पुढं, पण ढकलणारी चाकं मागची. एरवी घरातलं-दवाखान्यातलं सगळं मनापासून सांगणारा हा माणूस त्या गाडीबद्दल बोलताना लाजायचा.

"मामा, वळणावर हिचं शेपूट सुटतं," तो म्हणाला. "परवा कोल्हारच्या अलीकडे अख्खी फिरली. प्राजक्ता शेजारी होती. ती म्हणते आता मी या गाडीत बसणार नाही." प्राजक्ता म्हणजे त्याची बायको. "मागं रुंद चाकं घालायचीत. मी आणलीत पण."

टेम्पोतून त्यानं दोन नवी चाकं उतरवली. मूळ चाकांपेक्षा चार बोटं रुंद. मामांनी आधी त्या चाकांकडे पाहिलंच नाही. जुन्या मागच्या टायरवर ठोका मारला, मग टायरच्या अंगावरचे बारीक आकडे वाचले. "ह्यो टायर नऊ वर्षांचा हाय डॉक्टर. रबर न्हाई राह्यलं, लाकूड झालंय. नवा घाला, ह्याच मापाचा."

"पण रुंद घातले तर आणखी धरतील ना?"

"धरतील बी," मामा म्हणाले, आणि पुढचं ओठांवर आलेलं मी आधीच ओळखलं.

तरी त्यांनी ती चाकं बसवली. मला याचं नवल वाटलं. सबंध आठवडा त्यात गेला. कणकेचे गोळे लागले, मडगार्डची आतली कड ठोकून वळवली, चाक आतल्या दांड्याला टेकू नये म्हणून मधे चकती घातली, परत गोळे लागले. रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात गेलो. वॉचमन मामांच्या ओळखीचा. मामांनी कबड्डीच्या मैदानाला आखतात तशी फक्कीनं मोठी गोल रेघ आखली. अंगावर चर्चचा पांढरा सदरा, हातात फक्कीचं घमेलं. मी कडेला सावलीत उभी होते.

"रेघेवरून फिरा," मामांनी डॉक्टरला सांगितलं. "हळूहळू येग वाढवा. काय हुतंय ते सांगा."

आधी जुनी चाकं परत घालून. चौथ्या फेरीला शेपूट गोलाच्या बाहेर गेलं, डॉक्टरनं झटकन उलटं स्टिअरिंग मारून सावरलं. तिथंच जॅक लावून मामांनी रुंद चाकं चढवली. आता शेपूट हललंच नाही. डॉक्टर वेग वाढवत गेला, वाढवत गेला, आणि मग गाडी शांतपणे, काही आवाज न करता, रेघ सोडून सरळ बाहेर चालू लागली. पुढची चाकं वळलेली, गाडी मात्र सरळ.

डॉक्टर उतरला तो खुशीत. "शेपूट सुटलं नाही मामा!"

"नाक सुटलं की पन."

"पण केवढ्या वेगाला! आधीपेक्षा किती जास्त!"

"व्हय. आनि सुटल्यावर तुमी काय केलं?"

"आणखी वळवलं."

"वळली?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "पण इथं मोकळीच जागा होती."

मामा फक्कीच्या रेघेवर उकिडवे बसले. मागची पकड वाढली की पुढच्या चाकांना गाडी वळवणं जड जातं, मागची दोघं पुढच्या दोघांना सरळ ढकलत राहतात, असं काहीतरी ते सांगू लागले. पण मधेच म्हणाले, पुढं पण थोडे रुंद घातले तर जमेल. मग म्हणाले, जमणार पण नाही. मग म्हणाले, मागचा दांडा बदलला तर गोष्ट वेगळी. डॉक्टर ऐकत होता, पण त्याचा चेहरा माझ्या मागच्या बाकावरच्या मुलांसारखा झाला होता.

"मामा, एका शब्दात सांगा. रुंद चाकं चांगली की वाईट?"

"चांगली बी हायेत आनि न्हाई बी."

डॉक्टर हसून माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या. तुम्ही सांगा. रुंद टायरनं पकड वाढते की नाही?"

आणि मी, महिन्यापूर्वीच नवं ज्ञान झालेली, म्हणाले, "वाढते. आम्ही प्रयोग करून पाहिलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग जॅक उचलला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी रुंद चाकं उतरवली आणि जुन्या मापाचे नवे टायर घालून दिले. आता शेपूटही लवकर सुटत नव्हतं आणि नाकही. डॉक्टर आभार मानून गेला. रुंद चाकं टेम्पोत घालून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी संगमनेरला कुणाकडून तरी त्यानं ती परत चढवून घेतली, हे आम्हाला नंतर कळलं.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी शेडमध्ये बसले होते. मामांचा फोन वाजला. हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला. प्राजक्ताचा आवाज होता. राजूरच्या पुढे आश्रमशाळेत दात तपासायला अभिजित गेला होता, येताना वळणावर गाडी भातखाचरात गेली. तो वाचला. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि उजवं मनगट दोन ठिकाणी. दातांच्या डॉक्टरचं उजवं मनगट. पुन्हा काम करता येईल का, ते कुणी सांगत नव्हतं.

"मामा, गाडीला ते रुंद टायर होते," ती म्हणाली. "तुम्ही बसवलेले ना?"

मी तोंड उघडलं. मामांनी हातानं मला थांबवलं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच."

फोन ठेवल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही ते उतरवले होते! माझ्यासमोर! खोटं कशाला बोललात?"

"पहिल्यांदा मीच बसवले ना बाई. बसत्यात, हे त्याला मीच दाखवलं."

मला हे पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण त्या क्षणी डॉक्टरला मी 'वाढते' म्हणाले होते, तेही आठवलं.

रविवारी मी माझ्या गाडीतून त्यांना राजूरला नेलं. आळेफाटा, संगमनेर, अकोले. एवढ्या वाटेत ते दोनच वाक्यं बोलले, तीही माझ्या पुढच्या डाव्या टायरबद्दल. वळण साधंच होतं, उजवीकडचं, उतारावरचं. मामा रस्त्यावर बसले. डांबरावर काळ्या दोन खुणा होत्या, शेजारी शेजारी, आखणीपट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. त्या वळणाकडे वळतच नव्हत्या. सरळ जाऊन कडेच्या गवतात संपल्या होत्या.

खाचराचा मालक धोंडू नावाचा म्हातारा होता. तो बांधावरून आला.

"दादा, गाडी आडवी आली का सरळ?" मामांनी विचारलं.

"सरळ," धोंडू म्हणाला. "आमाला वाटलं पाव्हना आमच्याकडंच यायला निघालाय. जराबी हालली न्हाई बघा. नीट चालत आली आनि भातात पडली."

"बिरेक?"

"शेवटाला लावला. तवर रस्ताच न्हवता."

मामा खाचरात उतरले. भात लोंब्यांवर आलेलं, गाडीखाली आलेला पट्टा झोपलेला. ते वाकून एकेक लोंबी उभी करू लागले. उभी केली की परत आडवी व्हायची. धोंडू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो, ते आता उठायचं न्हाई." तरी ते करत राहिले. मी बांधावर उभी राहून पाहत होते आणि मला ठरवता येत नव्हतं की या माणसाचा राग यावा, की त्याला हाताला धरून वर काढावं, की त्याच्याशेजारी जाऊन आपणही वाकावं. अखेर मी चपला काढून खाली उतरले.

तिथून आम्ही परस्पर राहात्याला गेलो. अभिजित पलंगावर उशांना टेकून बसला होता, हात प्लास्टरमध्ये. प्राजक्ता दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"मामा, मी वळवत राहिलो," अभिजित म्हणाला. "ती वळलीच नाही."

"पाय उचलायचा असतो तवा. पुढच्या चाकांवर वजन येऊ द्यायचं. मी ते तुमाला नीट सांगितलं न्हाई."

"तुम्ही सांगत होतात. मलाच कळत नव्हतं."

"कळंल असं सांगितलं न्हाई."

मग मी म्हटलं, "अभिजित, तुम्ही मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

त्यानं मान हलवली. "नाही मॅडम. तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. पकड वाढलीच होती."

प्राजक्ता आत जाऊन पाणी घेऊन आली. मी परतीच्या वाटेवर सगळं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. माझं उत्तर बरोबर, मामांचं उत्तर बरोबर, चाकं मजबूत, रस्ता कोरडा, गडी शहाणा. यातून मोडलेलं मनगट कुठून आलं?

त्यानंतर मामांनी ठरवलं की आता सरळ बोलायचं. एका शब्दात. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ असावा. गिऱ्हाईक विचारायचं, "मामा, एवढ्या टायरवर नाशिक करून येईन का?" मामा टायरभोवती फिरायचे, बसायचे, उठायचे, ओठ हलायचे, आणि पंधरा मिनिटांनी म्हणायचे, "न्हाई." टायर चांगला असायचा. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन विचारायचं, तिथला माणूस हसायचा. दुसऱ्या कुणाला ते "हाय" म्हणायचे आणि तो गेल्यावर हायवेपर्यंत त्याच्यामागं सायकल दामटायचे, उरलेलं सांगायला. शेड रिकामं पडू लागलं.

एके दिवशी मार्थामामी कॉलेजच्या फाटकावर आल्या.

"बाई, ह्यांना पहिल्यासारखं बोलायला सांगा. घरात दोनच शब्द उरलेत. काल म्हनलं, कालवणाला मीठ कमी हाय का? तर ताट निवंस्तवर इचार केला आनि म्हनाले, न्हाई. कमी हुतं वो. मी चाखलं ना."

मी बोलून पाहिलं. मामांनी ऐकून घेतलं. "बाई," ते म्हणाले, "माझं बोलनं बरुबर असतंय, पन आइकनाऱ्याच्या हाती काय लागत न्हाई. मंग त्ये कुनासाठी बरुबर?"

डॉक्टरचं प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वळत होतं, पण मूठ आवळत नव्हती. मामा सायकलची ट्यूब कापून केलेल्या कड्या घेऊन एसटीनं राहात्याला गेले. एक कडी मऊ, एक मध्यम, एक कडक. दिवसातून इतक्या वेळा दाबा. दर पंधरवड्याला ते जायचे आणि डॉक्टरची मूठ आपल्या तळहातावर आवळायला लावून बघायचे. पहिल्यांदा प्राजक्तानं दार उघडून नुसती मान हलवली. चौथ्या-पाचव्या खेपेला तिनं त्यांना जेवायला वाढलं. आठ महिन्यांनी डॉक्टर खुर्चीशी उभा राहून पुन्हा दात काढू लागला. आधी नुसती तपासणी, मग साधे दात, मग अक्कलदाढा.

गाडीही तोवर मामांनी दुरुस्त करून उभी केली होती. पुन्हा एका रविवारी आम्ही त्या बंद आवारात जमलो. पुन्हा फक्कीचा गोल. मला वाटलं, आता जुन्या मापाची चाकं असतील. पण मामांनी मागं तीच रुंद चाकं चढवली होती. प्राजक्ताही आली होती. तिनं माझा दंड धरला. "हे काय करताहेत?"

मामा डॉक्टरशेजारी जाऊन बसले. "चला."

गाडी गोल फिरू लागली. वेग वाढला. नाक सुटलं. डॉक्टरचे हात आणखी वळले, गाडी सरळ निघाली, आणि आतून मामांचा आवाज आला, "पाय!" डॉक्टरनं पाय उचलला. नाक खाली बसलं आणि गाडी जणू काही आठवल्यासारखी वळली. पुन्हा फेरी. पुन्हा सुटलं. "पाय!" दहाव्या-बाराव्या फेरीला मामांना ओरडावं लागलं नाही. मग तिथंच चाकं बदलली, जुन्या मापाची घातली, आणि शेपूट सोडून दाखवलं, सावरायला लावलं. मग परत रुंद. दुपारचे तीन वाजले. फक्कीची रेघ पुसून गेली होती. डॉक्टर घामानं निथळत खाली उतरला.

"आता तुमी सांगा मला," मामा म्हणाले. "रुंद चाकं चांगली का वाईट?"

डॉक्टरनं गाडीकडे पाहिलं. मनगट चोळलं.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "कुठल्या वळणावर?"

रूबेनमामा हसले. दातातली फट दिसेपर्यंत, पोट धरून, खाली बसून हसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. प्राजक्तालाही हसू आलं, का ते तिला माहीत नसावं, मलाही नव्हतं. चाकं कुठली ठेवली म्हणाल तर जुन्या मापाचीच ठेवली. पण हा निर्णय मामांनी घेतला नाही, डॉक्टरनं घेतला. त्या दिवशी प्राजक्ता त्याच्याशेजारी बसून राहात्याला गेली. सोमवारपासून मामा पहिल्यासारखे बोलू लागले आणि शेडपुढं गाड्या परत दिसू लागल्या.

पुढच्या वर्षी हायवे रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले, त्यांनी शेडच्या मधोमध लाल खूण केली. मामांनी तक्रार केली नाही. डॉक्टरच्या राहात्याच्या मळ्यात पेरूच्या बागेकडेला एक रिकामी शेड होती, ती त्यानं आग्रहानं देऊ केली. ते गेले त्या दिवशी माझा तास होता. खिडकीतून टेम्पो भरताना दिसत होता आणि माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. घंटा झाली तशी मी पळतच फाटकापाशी गेले, पण टेम्पो निघाला होता. मामी पुढं ड्रायव्हरशेजारी होत्या. मामा मागं, टायरांच्या राशीत, चाकं तोलायच्या मशीनला एका हातानं धरून उभे होते. नगरच्या दिशेला लागायला टेम्पोला अख्खा रस्ता ओलांडायचा होता. समोरून एक ट्रक आला आणि त्यांना वाट द्यायला थांबला.

मामांनी हात वर केला. मीही केला, जोरात. मग लक्षात आलं, ट्रक माझ्याच रेषेत उभा होता. त्यांनी तो हात मला केला होता की थांबल्याबद्दल ट्रकवाल्याला, ते मला कळलं नाही. टेम्पो वळताना मशीन कलली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली. मग ट्रक मधे आला. तो सरकल्यावर नगरच्या रांगेत एका टेम्पोमागं नुसते टायर दिसत होते, एकावर एक रचलेले, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या सदऱ्याचा एक ठिपका. माझा हात अजून वरच होता.